विश्लेषण : विज्ञानासाठी ग्राफिक्स कार्ड राबवायचे, तर कोणते? गुणांच्या तक्त्याआधी वीजमीटर का पाहावा?

एएमडी कंपनीचे ‘रेडिऑन एचडी ७९७०’ हे ग्राफिक्स कार्ड २०१२ मध्ये बाजारात आले. एनव्हिडियाचे ‘आरटीएक्स ३०८०’ आले २०२० मध्ये. जाहिरातीतल्या आकड्यांनुसार नवे कार्ड जुन्याच्या जवळपास आठ पट ताकदवान. तरीही आकाशगंगेचे त्रिमितीय प्रारूप तयार करणाऱ्या ‘मिल्कीवे अ‍ॅट होम’ या प्रकल्पाला ज्या प्रकारचे गणित लागत होते, त्यात आठ वर्षे जुन्या कार्डाची क्षमता नव्याच्या दुप्पट होती.

हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. घरचा संगणक फावल्या वेळात विज्ञानासाठी उसना देणाऱ्यांना नेहमी एकच प्रश्न पडतो : कार्ड कोणते चांगले? उत्तरादाखल त्यांच्यासमोर गेमिंगचे तक्ते, टेराफ्लॉपचे आकडे आणि रोज मिळणाऱ्या गुणांच्या याद्या येतात. या तिन्हींपैकी एकही गोष्ट ‘विज्ञानाचे काम किती झाले आणि त्यासाठी वीज किती लागली’ हे थेट सांगत नाही. बिल मात्र त्याच विजेचे येते.

स्वयंसेवी संगणन म्हणजे काय?

एखादे प्रचंड गणित लहान तुकड्यांत फोडायचे, ते तुकडे इंटरनेटवरून हजारो घरगुती संगणकांना वाटायचे आणि उत्तरे परत गोळा करायची, अशी ही पद्धत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेने मे १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘सेटी अ‍ॅट होम’ने ती घरोघरी पोहोचवली. परग्रहावरील सजीवांच्या संदेशांचा शोध घेणारा हा प्रकल्प मार्च २०२० अखेर थांबवण्यात आला. पण त्याच चमूतून पुढे आलेल्या ‘बॉइंक’ या मुक्त सॉफ्टवेअरवर आजही अनेक प्रकल्प चालतात. प्रथिनांच्या रेणूंची हालचाल अभ्यासणारा ‘फोल्डिंग अ‍ॅट होम’ २००० पासून स्वतःच्या स्वतंत्र सॉफ्टवेअरवर काम करतो.

यातून खरेच काही निष्पन्न होते का? ऑगस्ट २०१० मध्ये ‘आइन्स्टाइन अ‍ॅट होम’ने पहिला नवा पल्सार जाहीर केला. तो पकडणारे संगणक अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका दांपत्याच्या आणि जर्मनीतील माइन्झ येथील एका स्वयंसेवकाच्या मालकीचे होते. २०२० मध्ये याच प्रकल्पाने ग्राफिक्स कार्डांच्या मदतीने ‘पीएसआर जे१६५३-०१५८’ हा गॅमा किरण सोडणारा पल्सार शोधला. तो सेकंदाला पाचशेहून अधिक वेळा स्वतःभोवती फिरतो आणि त्याचा हलका जोडीदार अवघ्या ७५ मिनिटांत त्याला प्रदक्षिणा घालतो. करोनाच्या साथीत फोल्डिंग अ‍ॅट होमकडे इतके स्वयंसेवक वळले, की मार्च २०२० मध्ये त्याची एकत्रित क्षमता एक एक्साफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या आकडेमोडींच्या पुढे गेली.

ग्राफिक्स कार्डच का?

संगणकाच्या मुख्य प्रोसेसरमध्ये मोजकेच, पण हरहुन्नरी गणनाकक्ष असतात. ग्राफिक्स कार्डात ते हजारोंच्या संख्येने असतात. प्रत्येक कक्ष साधा, पण सगळे मिळून एकाच प्रकारचे गणित एकाच वेळी करतात. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग ठरवण्यासाठी केलेली ही रचना हजारो अणूंमधील बले मोजायलाही सोयीची ठरली. फोल्डिंग अ‍ॅट होमने २००६ मध्येच ग्राफिक्स कार्डासाठी सॉफ्टवेअर आणले होते. आज त्याच्या कामाचा मोठा भार हीच कार्डे उचलतात.

जुने कार्ड नव्याला कसे हरवते?

संगणक दशांश अपूर्णांक दोन प्रकारे साठवतो. ३२ बिटांच्या ‘एकेरी अचूकते’त साधारण सात अंक नेमके राहतात, ६४ बिटांच्या ‘दुहेरी अचूकते’त पंधरा ते सोळा. खेळांना एकेरी अचूकता पुरते. त्यामुळे कंपन्यांनी घरगुती कार्डांतील दुहेरी अचूकतेची सोय हळूहळू कमी केली आणि ती महागड्या व्यावसायिक कार्डांसाठी राखून ठेवली.

एचडी ७९७० ची एकेरी अचूकतेतील कमाल क्षमता ३.८ टेराफ्लॉप होती. दुहेरीत ती चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे सुमारे ०.९५ टेराफ्लॉपवर येते. आरटीएक्स ३०८० एकेरीत २९.८ टेराफ्लॉपपर्यंत जाते, पण दुहेरीत ६४ व्या हिश्श्यावर घसरते आणि जेमतेम ०.४७ टेराफ्लॉप उरते. ‘मिल्कीवे’चे ग्राफिक्स कार्डावरचे काम दुहेरी अचूकतेचे होते, म्हणून तिथे जुन्या कार्डाची सद्दी चालली. २०२३ मध्ये ते काम संपले आणि त्याबरोबर ही सद्दीही संपली. कार्डाची गुणवत्ता ही त्याला दिलेल्या कामावर ठरते, ती अशी.

मर्सेन अविभाज्य संख्या शोधणाऱ्या ‘जिम्प्स’ प्रकल्पातही दुहेरी अचूकतेला महत्त्व आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांची, तेव्हापर्यंतची सर्वांत मोठी ज्ञात अविभाज्य संख्या सापडली. ती एनव्हिडियाच्या ‘ए१००’ या डेटा सेंटरमधील कार्डावर सापडली. घरगुती संगणकांनी केलेल्या शोधांची २८ वर्षांची परंपरा तिथे खंडित झाली.

एक्साफ्लॉपच्या तुलनेलाही हीच मेख आहे. महासंगणकांच्या अधिकृत यादीत एक एक्साफ्लॉपचा टप्पा ‘फ्रंटियर’ने २०२२ मध्ये ओलांडला. फोल्डिंग अ‍ॅट होम तिथे दोन वर्षे आधी पोहोचले, असे म्हटले जाते. पण फ्रंटियरचे मोजमाप दुहेरी अचूकतेत होते आणि फोल्डिंगचे बरेचसे गणित एकेरी अचूकतेत चालते. दोन्ही कामगिऱ्या मोठ्या आहेत, मात्र त्या एका पट्टीने मोजलेल्या नाहीत.

टेराफ्लॉपवर विसंबता येते का?

टेराफ्लॉपचा आकडा खोटा नसतो. पण तो सगळे गणनाकक्ष एका क्षणासाठीही रिकामे नाहीत असे धरून काढलेला असतो. आरटीएक्स २०८० टीआय १३.४ टेराफ्लॉपचे होते आणि पुढच्या पिढीतले ३०८० थेट २९.८ वर गेले. नव्या रचनेतील निम्मे कक्ष दशांश आणि पूर्णांक अशा दोन्ही कामांसाठी वापरले जातात, त्यामुळे कागदावरची ही दुपटीहून मोठी झेप प्रत्यक्षात तेवढी दिसत नाही.

दुसरा अडसर मेमरीचा. कक्ष कितीही वेगवान असले, तरी त्यांच्यापर्यंत आकडे वेळेत पोहोचावे लागतात. पल्सारच्या शोधात संकेतातील दडलेली लय शोधण्यासाठी प्रचंड माहिती पुन्हा पुन्हा वाचावी लागते, म्हणून तिथे मेमरीचा वेग निर्णायक ठरतो. आरटीएक्स ३०६० ची मेमरी सेकंदाला ३६० गिगाबाइट माहिती पुरवते, तर त्यानंतरच्या पिढीतील ४०६० ची २७२ गिगाबाइट. ४०६० मध्ये आतली साठवण, म्हणजे ‘कॅशे’, वाढवून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न आहे. ज्या कामाची माहिती तिथे मावते, त्यात नवे कार्ड सरस ठरते. जिथे मावत नाही, तिथे दोघांमधले अंतर कमी होते.

तिसरा मुद्दा कामाच्या आकाराचा. फोल्डिंग अ‍ॅट होमच्या एखाद्या तुकड्यात काही हजार अणू असतात, तर एखाद्यात काही लाख. लहान रेणू मोठ्या कार्डाला पुरे पडत नाही. पन्नास आसनी एसटीतून पाच प्रवासी न्यावेत, तसे त्याचे होते. आरटीएक्स ४०९० सारख्या कार्डाची खरी ताकद मोठ्या रेणूंवरच दिसते.

शिवाय सॉफ्टवेअर बदलले की क्रमवारीही बदलते. फोल्डिंगने सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाच्या ‘कुडा’ प्रणालीचा आधार घेतला आणि अनेक कामांत तीच कार्डे १५ ते ३० टक्के वेगाने चालू लागली. त्याआधीचे तक्ते त्या दिवशी शिळे झाले.

गुण नेमके काय मोजतात?

स्वयंसेवकांत सर्वाधिक चर्चा असते ती रोज मिळणाऱ्या गुणांची. कार्डांची तुलनाही बहुतेक वेळा त्यावरच होते. फोल्डिंग अ‍ॅट होममध्ये प्रत्येक तुकड्याला ठरलेले मूळ गुण असतात आणि तुकडा जितका लवकर परत द्याल, तितका जादा बोनस मिळतो. बोनस लागलेल्या वेळेच्या वर्गमुळाशी बांधलेला आहे. निम्म्या वेळात काम केले, तर त्या एका तुकड्याचे गुण १.४१ पट होतात. शिवाय दिवसात तुकडे दुप्पट होतात. म्हणजे काम दुप्पट, गुण मात्र २.८३ पट.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणातून पाहता येईल. ‘अ’ कार्ड १२० वॉट घेते आणि एक तुकडा चार तासांत संपवते. ‘ब’ कार्ड ३०० वॉट घेते आणि तोच तुकडा दोन तासांत संपवते. एका तुकड्यासाठी ‘अ’ला ०.४८ युनिट वीज लागली, ‘ब’ला ०.६० युनिट. म्हणजे विजेच्या हिशेबात ‘अ’ सरस. पण दर वॉटमागे गुण काढले, की ‘ब’ सुमारे १३ टक्क्यांनी पुढे जाते. स्वयंसेवक गुणांचा तक्ता पाहून ‘ब’ अधिक कार्यक्षम समजतो आणि प्रत्यक्षात त्याच कामाला २५ टक्के जादा वीज जाळतो.

या बोनसमागे कारण आहे, हेही नमूद करायला हवे. रेणूच्या हालचालीचा एक तुकडा जिथे संपतो, तिथूनच पुढचा सुरू होतो. एकाने तुकडा दोन दिवस अडवून ठेवला, तर त्याच्या मागची साखळी थांबते. वेगाला वैज्ञानिक मोल आहे आणि प्रकल्पाने त्याला बक्षीस देणे रास्त आहे. मात्र बक्षिसाची रक्कम म्हणजे केलेले काम नव्हे. बॉइंकवरील ‘क्रेडिट’ची गोष्टही फारशी निराळी नाही, एका प्रकल्पाचे हजार आणि दुसऱ्याचे हजार समान कामाचे असतीलच असे नाही.

भिंतीवरच्या प्लगपाशी मोजले तर?

कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे वॉट हे फक्त कार्डाचे असतात. मदरबोर्ड, प्रोसेसर, पंखे आणि पॉवर सप्लायमध्ये वाया जाणारी वीज त्यात येत नाही. वरच्या उदाहरणात उरलेल्या संगणकाचे ६० वॉट धरले, तर ‘अ’ची एकूण गरज १८० आणि ‘ब’ची ३६० वॉट होते. आता एका तुकड्यासाठी दोघांनाही ०.७२ युनिट लागते. दोन्ही कार्डे बरोबरीत! संगणक इतर कामासाठी सुरूच असेल, तर लहान कार्ड फायद्याचे. केवळ या कामासाठी सुरू ठेवायचा असेल, तर तो फायदा उरत नाही. हा फरक कोणत्याही गुणांच्या यादीत सापडत नाही. प्लग आणि संगणक यांच्यामध्ये लावायचा साधा वॉटमीटर तो दाखवतो.

घरच्या बिलावर किती भार?

आरटीएक्स ३०६० चे १७० वॉट आणि उरलेल्या संगणकाचे ६०, असे २३० वॉट धरले, तर चोवीस तास चालवल्यास महिन्याला सुमारे १६६ युनिट होतात. युनिटला १२ रुपये धरले, तर जवळपास दोन हजार रुपये. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी वाढतात. घरात आधीच १८० युनिट वापर असेल, तर या भाराने तो ३४६ वर जातो आणि वरचे ४६ युनिट महाग टप्प्यात पडतात. विज्ञानाला दिलेले युनिट हे घरातले सर्वांत महाग युनिट असतात.

हे बिल बहुतेक वेळा संगणक चालवणारा मुलगा किंवा मुलगी नव्हे, तर आईवडील भरतात. ‘संगणक फक्त सुरूच तर ठेवायचा आहे’ एवढेच सांगून ही परवानगी घेणे प्रामाणिकपणाचे नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील किंवा कार्यालयातील संगणकावर न विचारता हे सॉफ्टवेअर चालवणे तर दानच नव्हे. दुसऱ्याच्या विजेवर पुण्य मिळत नाही.

वीज वाचवण्यासाठी नवे कार्ड घ्यावे का? ४०६० ला ११५ वॉट लागतात. ३०६० च्या तुलनेत महिन्याला सुमारे ४० युनिट, म्हणजे ४८० रुपये वाचतील. ३० हजारांचे नवे कार्ड धरले, तर ते पैसे वसूल व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ लागतो, तोही कार्ड अखंड चालले तर.

आणखी एक खर्च बिलात दिसत नाही. देशातील ग्रिडची वीज सरासरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड घेऊन येते. १६६ युनिटचे महिन्याला ११६ किलो झाले. हवामानाची चिंता असलेल्या स्वयंसेवकाने हा आकडा डोळ्यांआड करू नये.

परदेशातले तक्ते इथे का लागू पडत नाहीत?

ग्राफिक्स कार्डात गेलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. कॅनडा किंवा जर्मनीतल्या हिवाळ्यात ही उष्णता कामाची असते, तेवढे हीटरचे काम वाचते. नागपूर किंवा जळगावच्या मे महिन्यात ३०० वॉटचे कार्ड म्हणजे बंद खोलीत पेटवलेली छोटी शेगडी. एसी असेल, तर ती उष्णता बाहेर फेकायला पुन्हा वीज लागते. नसेल, तर कार्ड तापून स्वतःच वेग कमी करते. थंड खोलीत घेतलेली मापे इथे तशीच उतरत नाहीत.

लॅपटॉपबाबत सावधगिरी आणखी हवी. ‘आरटीएक्स ४०६०’ हेच नाव लॅपटॉपवरही असते. पण निर्मात्याच्या निवडीनुसार तिथे त्याला ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज दिलेली असू शकते. एकाच नावाच्या दोन लॅपटॉपच्या कामात मोठी तफावत पडते. शिवाय लॅपटॉपची शीतलन व्यवस्था दिवसरात्र पूर्ण भार पेलण्यासाठी नसते.

वीज वारंवार जाणाऱ्या गावांत फोल्डिंगच्या वेगाच्या बोनसमागे धावण्यात अर्थ नाही. तिथे परतीची मुदत अनेक दिवसांची असलेला आणि मधूनमधून काम जतन करणारा बॉइंकवरील प्रकल्प निवडणे शहाणपणाचे. दोन तास वीज गेली, तरी कुणाची साखळी अडत नाही.

ओव्हरक्लॉकिंगने फायदा होतो का?

खेळात एखाद्या ठिपक्याचा रंग चुकला, तर कुणाच्या लक्षात येत नाही. इथे एक आकडा चुकला, तर तासांचे काम बाद होऊ शकते. आइन्स्टाइन अ‍ॅट होमसारखे प्रकल्प एकच तुकडा दोन वेगळ्या संगणकांना देऊन उत्तरे ताडून पाहतात. जुळले नाही, तर तिसऱ्या संगणकाची वीज खर्ची पडते.

उलटा मार्ग अधिक फायद्याचा आहे. चिपचा वेग शेवटच्या थोड्या टक्क्यांनी वाढवायला व्होल्टेज चढवावे लागते आणि विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून कार्डाची वीजमर्यादा २५ ते ३० टक्के खाली आणली, तरी काम सहसा तेवढे घटत नाही. उष्णता, आवाज आणि बिल मात्र लगेच कमी होते. ही सोय सॉफ्टवेअरमध्येच असते, तिला वेगळा खर्च नाही.

मग तुलना कशी करावी?

आधी विज्ञान निवडावे, मग कार्डाकडे पाहावे. प्रथिनांचे काम, पल्सारचा शोध आणि अविभाज्य संख्या यांची गरज वेगळी आहे. त्याच प्रकल्पाचा, त्याच प्रकारचा तुकडा किमान आठवडाभर चालवून तीन गोष्टी टिपाव्यात : पूर्ण झालेले तुकडे, बाद झालेले तुकडे आणि वॉटमीटरवरचे युनिट. पहिल्यातून दुसरे वजा करून तिसऱ्याने भागले, की तुलनेचा खरा आकडा हाती येतो. वीजमर्यादा बदलून हीच मोजणी पुन्हा करावी.

बहुतेकांसाठी उत्तर नवी खरेदी हे नसेल. जे कार्ड खेळ, व्हिडिओ संपादन किंवा अभ्यासासाठी आधीच घरात आहे, तेच मर्यादित विजेवर, थंड वेळी, झेपेल तेवढे तास चालवणे हेच सर्वांत किफायतशीर. छतावर सौरपॅनेल असेल, तर दुपारी. केवळ गुण वाढवण्यासाठी कार्ड विकत घेण्यात विज्ञानापेक्षा शर्यतीचाच वाटा अधिक असतो.

जबाबदारी एकट्या स्वयंसेवकाची नाही. गुणांचे तक्ते प्रकल्पच चालवतात. दर युनिट विजेमागे कोणत्या कार्डाने किती काम केले, हा आकडा त्यांनी गुणांच्या शेजारी ठळकपणे दाखवला, तर हजारो घरांतील वीज वाचेल आणि विज्ञानाचे काहीही बिघडणार नाही. देणगी घेणाऱ्या संस्थेने पैशाचा हिशेब द्यावा, अशी अपेक्षा आपण ठेवतोच. वीजही देणगीच आहे.

हा विषय महाराष्ट्रापासून दूर नाही. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो इंडिया’ प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. तो हिंगोली जिल्ह्यात उभा राहत आहे. अमेरिकेतील लायगो वेधशाळांच्या नोंदींत फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या अखंड लहरी शोधण्याचे काम आइन्स्टाइन अ‍ॅट होमचे स्वयंसेवक वर्षानुवर्षे करत आहेत. त्या अजून हाती लागलेल्या नाहीत. उद्या हिंगोलीतील नोंदींसाठी अशीच मदत मागितली गेली, तर मराठी घरांतील कार्डेही त्यात उतरतील. तोवर त्यांच्या मालकांना आपल्या कार्डाच्या गुणांआधी त्याचे वॉट तोंडपाठ झालेले असावेत.